मागून दिसणारी मोटार

मलकापूर जागचं बोटभरही हललं नाही, तरी चार वर्षांत तीन राज्यांत राहून आलं. आधी ते मध्य प्रदेशात होतं, मग मुंबई राज्यात गेलं, मग महाराष्ट्र झाला आणि तिथे येऊन टेकलं. मी ज्यांच्या घरी भाड्यानं राहत होतो, त्या काकाजींच्या मोटारीपेक्षा गावाचाच प्रवास जास्त झाला म्हणायचा. मोटार त्या चार वर्षांत परसातून सडकेपर्यंत फार तर दहा वेळा गेली असेल, आणि त्यातल्या निम्म्या वेळा माणसांनी ढकलत परत आणली असेल.

त्या माणसांत मी असे. मी शाळेत विज्ञान शिकवतो म्हणजे मला इंजिनातलं कळत असणार, असा गल्लीचा समज होता. मला फक्त ढकलण्यातलं कळत होतं. पण ढकलणाऱ्याचा एक फायदा असतो. त्याला मोटारीची मागची बाजू नीट बघायला मिळते, आणि काकाजींच्या मोटारीत बघण्यासारखं जे काही होतं ते मागेच होतं.

पुढून ती मोटार बघवत नसे. एका दिव्याची काच फुटलेली, दुसरा दिवा सुतळीनं बांधलेला. हूड फाटलेलं. मागच्या सीटवर काकूंची तांबडी कोंबडी अंडी घालायची. मोटार बाहेर काढायची झाली तर आधी त्या कोंबडीची समजूत घालावी लागे. मडगार्डावर तीन उन्हाळ्यांची धूळ होती. कुणीतरी एकदा बोटानं तिच्यात बेरीज करून ठेवली, ती चार महिने तशीच होती आणि चुकलेली होती. पण मागे गेलं की डोळे दिपत. बंपरच्या खालून, डावीकडून एक आणि उजवीकडून एक अशा धुराच्या दोन नळ्या बाहेर आल्या होत्या. हातभर लांब, मनगटाएवढ्या जाड, आणि इतक्या लखलखीत की मी एकदा शाळेच्या घाईत त्यातल्या एकीत बघून भांग पाडला होता. नळीच्या गोलाईत माझं नाक वांग्याएवढं दिसलं. तोवर दोन ठिकाणी मुली बघून आलो होतो आणि दोन्हीकडून नकार आला होता, त्यामुळे ते नाक मला खरंच वाटलं.

गल्लीतले लोक म्हणत, "काकाजी, तोंडावर माशा आन् शेपटीले चांदी, असं काऊन?"

काकाजी म्हणत, "माशी बसली त उडते बे. काजळी बसली त बसली."

काकाजी उंच होते आणि कमरेत थोडे वाकलेले. धोतर पांढरंफेक, वर एक जुना खाकी कोट. त्या कोटाच्या छातीवर एक गोल डाग होता. कधीकाळी तिथे काहीतरी बिल्ला असणार. मी तो विचारला नाही. घरमालकाला छातीवरचं विचारू नये, एवढी अक्कल मला होती.

सकाळी अंघोळ झाली की ते नळ्या घासायला बसत. लोक घाणीचं काम आधी करून मग अंघोळ करतात; काकाजींचं उलटं. "पारोशा हातानं नळीले शिवाचं नाही," म्हणत. मग ते काळे होत आणि पुन्हा अंघोळ करत. काकू विहिरीकडे बघून म्हणत, "या मानसाच्या पायी एका दिवसी विहीर आटन."

घासण्याचा क्रम ठरलेला असे. आधी नळी पूर्ण गार आहे ना ते उलट्या हातानं बघायचं, तापल्या नळीला पाणी लावलं तर डाग धरतो. मग काठीला काथ्या गुंडाळून आतली काजळी ओढून काढायची. मग बाहेरून रॉकेलचं फडकं, मग रिठ्याचं पाणी, मग कोरडी चाळलेली राख. राख चुलीतली चालत नसे, गोवरीची लागे. शेवटी काकूंच्या जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा, तोही नुसता पुढून मागे. गोल गोल घासलं की ओरखडे दिसतात. लुगडं खरंच जुनं झालं आहे की नळ्यांसाठी त्याला जुनं ठरवण्यात आलं आहे, यावरून घरात दर संक्रांतीला भांडण होई.

डावीकडच्या नळीला ते 'थोरली' म्हणत आणि उजवीकडच्या नळीला 'धाकटी'. घरात मूलबाळ नव्हतं. मी पहिल्यांदा ऐकलं, "थोरलीचं झालं, आता धाकटीचं आंग पुसतो," तेव्हा मी आदरानं खोलीचं दार लावून घेतलं होतं.

मोटार चालवायला त्यांना मुळीच आवडत नसे. "चालवली का काळी होते," हे कारण. कुणाचं बाळंतपण अडलं, कुणाला दवाखान्यात न्यायचं झालं, तर मात्र ते एका शब्दानं निघत आणि परत आल्यावर नळ्यांकडे बघून हळहळत.

त्यांच्या डाव्या हाताची करंगळी कायमची काळी होती. ती त्यांची दुर्बीण होती. एसटीच्या थांब्यावर ड्रायव्हर चहा प्यायला उतरला की काकाजी मागे जात, नळीत करंगळी फिरवत, उन्हात धरून बघत आणि ड्रायव्हरला सांगत, "तेल जाळून राह्यली तुही गाडी. बोट चिकट येते." कोरडी काळी काजळी आली की पेट्रोल जास्त, राखाडी आली की तब्येत ठणठणीत. एकदा कोण्या मोठ्या साहेबाची जीप रेस्टहाउसपुढे उभी होती. काकाजींनी सवयीनं बोट घातलं. शिपाई धावत आला.

"ए बुढ्या, सायबाच्या गाडीत बोट काऊन घातलं बे?"

"सायबाले सांग, गाडी लांब नको नेऊ. हिचं पोट बिघडलं."

शिपायानं त्यांना हाकललं. जीप नांदुऱ्याच्या अलीकडेच बंद पडली आणि साहेब बैलगाडीतून परत आला. दुसऱ्या दिवशी तोच शिपाई घरी आला आणि अदबीनं म्हणाला, "काकाजी, सायेब बोट घेऊन बोलावून राह्यले."

माणसांबद्दलही त्यांची हीच पद्धत. नवा भाडेकरू, नवा हेडमास्तर, कुणीही असो, काकाजी म्हणत, "तोंड काय पाहाचं? गेल्यावर मागं काय सोडून जाते, थे पाहा." माझ्याबद्दल काय मत झालं होतं ते मी विचारलं नाही. बोट कुठे घालतील याचा भरवसा नव्हता.

आता यात माझा हात कुठे लागला ते सांगतो, कारण त्या नळ्यांचं वाटोळं मी केलं.

दहा वर्षं रोज घासल्यावर जे व्हायचं तेच झालं. नळ्यांवरचा चकचकीत मुलामा काकाजींनी प्रेमानं घासून घासून संपवला. एके सकाळी थोरलीच्या पोटाखाली पिवळा ठिपका दिसला. महिन्याभरात दोन्ही नळ्या ठिकठिकाणी पिवळ्या झाल्या. आत पितळ होतं. काकाजी दोन दिवस नीट जेवले नाहीत.

आणि नेमकं तेव्हाच माझ्यासाठी तिसरं स्थळ आलं, उंद्रीचं. वडील मी लहान असतानाच गेलेले. आई देऊळगाव राजाला. आधीच्या दोन्ही वेळी वडीलधारे म्हणून माझे मामा आले होते आणि दोन्ही ठिकाणी ते इतकं बोलले, की मुलीकडच्यांना मला बघायला वेळच उरला नाही. तिसऱ्या खेपेला मामांनी हात टेकले. आईचं पत्र आलं: 'आता तुझ्या घरमालकांनाच घेऊन जा. हेही स्थळ गेलं तर मी पुढे विचारणार नाही.' आई बोलल्याप्रमाणे वागणारी बाई होती. म्हणजे उंद्रीवर माझं सगळं होतं.

काकाजी लगेच हो म्हणाले. मोटारीनंच जायचं म्हणाले. पण चेहरा पडलेला. "अशा कोड फुटल्यावानी नळ्या घेऊन पोराची सोयरीक कराले जाऊ का?"

मी म्हणालो, "काकाजी, पितळेच्या भांड्याला करतो तेच करा. कल्हई लावा."

काकाजी माझ्याकडे बघत राहिले. मग काकूंना हाक मारून म्हणाले, "अवो, आयकलं का? उगाच नाही मास्तर झाला तो!"

कल्हईवाले चाचा गल्लीत आले तेव्हा त्यांच्यापुढे दोन हंडे, एक परात आणि दोन नळ्या ठेवण्यात आल्या. चाचांनी नळी उचलून तिच्यातून आरपार बघितलं.

"काकाजी, इसमें दाल पकाते क्या?"

"मोटारीची हाय. बाहेरून लावाची."

"बाहरसे?" चाचांनी माझ्याकडे बघितलं, कारण मी पुढे सरसावून उभा होतो. "मास्टर, आँच लगी तो उतर जाएगी."

मी हसलो. शहाणा माणूस हसतो तसा. "चाचा, नळीत काय चूल पेटवायची आहे? नुसता धूर तर जातो."

कथील दोनशे बत्तीस अंशांना वितळतं, हे मी दर वर्षी आठवीच्या वर्गात फळ्यावर लिहीत असे. खाली दोन रेघाही ओढत असे. पण फळ्यावरचं कथील वेगळं आणि गल्लीतलं वेगळं, असा माझा काहीतरी समज असावा. चाचांनी भाता चालवला, नवसागराचा धूर झाला, कापसाच्या बोळ्यानं कथील फिरलं, आणि नळ्या चांदीच्या होऊन बाहेर आल्या. काकाजींनी त्यांना लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून घरात नेलं. बाळंतिणीला नेतात तसं.

रविवारी पहाटे निघालो. कोंबडीची समजूत घातली. काकूंनी भाकरी आणि ठेचा बांधून दिला आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "मास्तर, तिथं बोलनं याईचं आन् गप बसनं तुमचं. उलटं होऊ देजा नोका." मी काकाजींना तीन वाक्यं पाठ करून दिली होती: नोकरी पक्की आहे, देऊळगावला शेत आहे, मुलाला सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. ते मोताळ्यापर्यंत ती घोकत होते.

राजूरचा घाट लागायच्या आधी मोटारीच्या पुढच्या तोंडातून वाफ निघाली. थांबलो. काकाजी आधी मागे जाऊन नळ्या बघून आले. त्या लखलखत होत्या. मग पुढे पाणी घातलं. इंजिन गार होईपर्यंत आम्ही दगडावर बसलो, आणि मी इतक्या वर्षांत न विचारलेलं विचारलं.

"काकाजी, सगळे लोक गाडीचं तोंड पुसतात. तुम्ही हेच का?"

त्यांनी खाकी कोटावरच्या त्या गोल डागावरून करंगळी फिरवली. "म्या कापसाच्या जिनात गेटवर होतो. वीस वर्सं. ठाऊक नव्हतं ना तुमाले?"

मला ठाऊक नव्हतं.

"हेच मोटार. मालक हिच्यात बसून ये, म्या गेट खोलो. मालक जाये, म्या सलाम ठोको. मालकाचं तोंड समोर. माह्यासमोर काय? हे नळ्या. काळ्या, तेलकट. भक्कन धूर सोडत आन् माह्या पांढऱ्या दुपट्ट्यावर काजळी. वीस वर्सं म्या या मोटारीचं ढुंगनच पाह्यलं मास्तर." ते हसले. "मंग मालक गेला, जीन बंद पडलं, मोटार भंगारात निंघाली. म्या घेतली. लोक म्हनत, आता बुढा मांगं बसून फिरन. म्या म्हटलं, फिराचं राहू द्या, आधी हे धुतो."

वाफ थांबली का ते त्यांनी मान वर करून बघितलं.

"गाडीत बसनारा समोर पाह्यते. सडकेवर उभा राह्यनारा मागचं पाह्यते. आन् दुनियेत बसनारे किती असतीन? उभे राह्यनारेच जास्त." मग उठून धोतर झटकलं. "चाला, हँडल मारा. आता मात्र उंद्रीपावतर थांबाचं नाही. थांबली त ढकलाले तुमीच, आन् घामेजला नवरदेव कोनाले पसंत पडते?"

म्हणून आम्ही थांबलो नाही. मोटार घाट चढताना कण्हत होती. बुलढाणा गेलं, चिखली गेलं. मागे काय चाललं आहे ते आम्हाला दिसणार कसं? आम्ही बसणारे होतो.

उंद्रीत मुलीच्या घरासमोर मोटार उभी राहिली तेव्हा अर्धं गाव जमलेलं. मुलीचे वडील पुढे येऊन हात जोडून म्हणाले, "या पाव्हणे, या." काकाजी उतरले आणि सवयीनं आधी मागे गेले. आणि तिथेच उभे राहिले.

मी गेलो. दोन्ही नळ्यांवरची कल्हई वितळून खाली ओघळली होती. मेणबत्तीसारखे ओघळ. मध्येच पांढरे पट्टे, मध्येच काळपट पितळ, आणि धाकटीच्या टोकाला कथलाचा एक थेंब लोंबत होता. आमच्या डोळ्यांदेखत तो टप्पकन मातीत पडला.

"दोनशे बत्तीस," माझ्या तोंडून निघालं.

"काय?"

"काही नाही काकाजी. चूक माझी. चाचांनी सांगितलं होतं. मलाही ठाऊक होतं आणि मी शहाणपणा केला."

काकाजी वळले. आत जाऊन बसले, दाराकडे तोंड करून.

इथे माझा घाम सुरू झाला. मुलीचे वडील विचारत, "प्रवास कसा झाला?" काकाजी दारातून बाहेर मोटारीकडे बघत. "पाऊसपानी कसं तिकडं?" काकाजी बाहेर बघत. तीन वाक्यांपैकी एकही फुटेना. मामा असते तर निदान आवाज तरी असता. मी स्वतःच सांगावं म्हटलं की मला सुपारीचं व्यसन नाही, पण मुलानं बोलायचं नसतं, आणि काकूंचीही ताकीद होती. मुलीचे काका तिच्या वडिलांच्या कानाशी लागले, मला ऐकू आलं, "पाव्हण्याईले घर पसंत दिसत नाही."

मुलगी पोहे घेऊन आली. मान खाली. मला तिचा भांग, पदराची कड आणि दोन पायांचे अंगठे दिसले. ती पाटावर बसली. रीतीप्रमाणे आता आमच्याकडच्यांनी प्रश्न विचारायचे होते: नाव काय, कितवी झाली, स्वयंपाक येतो का. सगळे काकाजींकडे बघू लागले. घर इतकं शांत झालं, की बाहेर मोटारीचं गार होणारं लोखंड टिकटिक करत होतं ते ऐकू आलं.

काकाजींनी मान वळवली. घसा साफ केला.

"पोरी, पितळेच्या भांड्याची कल्हई आर्धीमुर्धी उतरली, त कायनं घासाचं?"

मुलीच्या वडिलांनी काकांकडे बघितलं. काकांनी माझ्याकडे. मी पोह्यांकडे.

मुलगी मान खाली ठेवूनच म्हणाली, "आर्धी ठेवाची नाही. ठेवली त कुत्र्यानं चाटल्यावानी दिसते. भांडं गरम असतानीच फडक्यानं पुसून घ्याची. मंग विटकरीची भुकटी, आन् शेवटी चिंच आन् राख. सोन्यावानी निंघते." आणि मग, कुणी विचारलेलं नसताना, तिनं पुढे म्हटलं, "पन कल्हई आतून असते. बाहेरून कोन लावते?"

हे माझ्या बायकोचं माझ्याबद्दलचं पहिलं वाक्य. त्यानंतर ती माझ्याबद्दल बरीच वाक्यं बोलली आहे, पण मत तेच.

काकाजी ताडकन उठले. "मास्तर, आयकलं? नळ्या आजून गरम असतीन!" आणि मुलीच्या वडिलांना म्हणाले, "बापू, थोडी चिंच भेटन का? आन् राख. गोवरीची."

बापू गोंधळून स्वतःच चिंच आणायला गेले. पाच मिनिटांनी मी खिडकीतून बघतो तर काकाजी मोटारीमागे जमिनीवर बसून थोरली घासत आहेत. बापू आधी वाडगा धरून उभे होते; मग बसले; मग काकाजींनी त्यांच्या हातात फडकं दिलं. काही वेळानं मुलीचे वडील मांडी घालून धाकटी घासत होते, गाव बघत होतं, आणि माझ्या लग्नाची बैठक तिथे, मोटारीच्या मागे चालली होती. आत मी आणि मुलीचे काका एकमेकांकडे बघत पोहे खात होतो.

खिडकीतून तुकडे ऐकू येत.

"गोल नोका घासू बापू. पुढून मांगं. हां."

"पन पोरगा कसा हाय?"

माझा घास थांबला. आता तरी ती तीन वाक्यं येतील असं वाटलं.

"पोरगा ना? अक्कल बेताची हाय. हे कल्हई त्याचीच."

"मंग वो?"

"मंग काय! उतरल्यावर समोर येऊन म्हने, काकाजी चूक माही. घाटाचं नाव नाही सांगतलं, चाचाचं नाही सांगतलं, सीद्धं म्हने माही. म्या वीस वर्सं गेटवर उभा होतो बापू. लय मोठे मोठे लोक गेले माह्यासमोरून. धूर सोडून गेले. मांगं फिरून कोनी असं म्हटलं नाही."

नुसता घासण्याचा आवाज येत राहिला. मग बापू म्हणाले, "पोट्टीले इचारतो. तिले थोडं फाटकन बोलाची सवय हाय."

"हाव, दिसलं ना," काकाजी म्हणाले. "याले तसीच पायजे."

मला कुणी काही विचारलं नाही.

निघालो तेव्हा ऊन कलतं होतं. हँडल मारलं, आणि एवढ्या घासणाऱ्यांची लाज राखून मोटार पहिल्या झटक्यात सुरू झाली. होकार आठ दिवसांनी पत्रानं आला. ते आठ दिवस मी वर्गात कथील हा धडा टाळला.

आमच्या घरी हा किस्सा पुष्कळदा सांगितला जातो. मी सांगू लागलो की माझी बायको मधे बोलतेच. पाहुणे तिला विचारतात, "पण तुम्हाला यांच्यात काय आवडलं?"

ती म्हणते, "मी याईले पाह्यलं कुठं होतं? मान खाली होती माही. अंगठ्याचं नख तेवढं दिसलं, थेबी वाढलेलं. गाडी निंघाली तवा दारात येऊन मान वर केली. तं नळ्या! दोन्ही सोन्यावानी, उन्हात. धूळबी त्याईच्याच रंगाची झालती. वळनावर जाईपावतर दिसत होत्या. म्हटलं, जे लोक जाताजाता मांगं उभी राह्यनारीसाठी एवढं करतात, थे बरे असतीन." मग माझ्याकडे बघून म्हणते, "नळ्या दुसऱ्याच्या निघाल्या."

पडलेला तो कथलाचा थेंब तिला दुसऱ्या दिवशी अंगणात सापडला होता. पाहुण्यांच्या मोटारीतून चांदी गळते, असं उंद्रीत तीन दिवस बोललं जात होतं. मग चिखलीच्या सोनारानं तो दातांनी दाबून कथील असल्याचं सांगितलं आणि गाव ताळ्यावर आणलं. थेंब अजून आमच्याकडे आहे, सुपारीच्या डबीत. डबीत सुपारी नसते. ते वाक्य निदान खरं होतं.

लग्नानंतर ती मलकापूरच्या त्या खोलीत आली आणि काकाजींची झाली. नळ्यांना पुन्हा कल्हई लागली नाही; पितळच ठेवलं, पिवळंधमक. सकाळी ते थोरली घासत, ही धाकटी. काकू ओरडत, "एक येडं होतं त दुसरं आनून ठेवलं बाप्पा!" आणि स्वतःच चिंच भिजत घालत.

तीन वर्षांनी माझी बदली देऊळगाव राजाला झाली. मोटार तोवर ढकलूनही चालेनाशी झाली होती. मागच्या सीटवर कोंबडीची दुसरी पिढी होती. नळ्या तशाच लखलखत होत्या. त्यातून काही जायचं नव्हतं आता, म्हणून काकाजींना उलट बरं वाटत होतं.

आम्हाला सोडायला ते एसटीच्या थांब्यावर आले. तोच खाकी कोट. काकूंनी हिच्या हातात खणात बांधलेली चिंच दिली, देऊळगावला चिंच मिळत नसल्यासारखी. आम्ही चढलो. मागच्या लांब सीटवर जागा मिळाली. सामान लावलं आणि बघतो तर काकाजी खाली नाहीत.

मी मागच्या काचेतून खाली वाकलो. ते बसच्या मागे उकिडवे बसले होते. नळी गरम असणार, म्हणून धोतराचा सोगा हाताला गुंडाळला होता आणि पुढून मागे, पुढून मागे, एसटीची ती तेलकट काळी नळी पुसत होते.

कंडक्टर ओरडला, "ओ बाबा! काय करून राह्यले तिथं? गाडी निंघाली!"

"घंटी मार तू. झालं माहं."

घंटी वाजली. बस हलली तशी भक्कन धूर सुटला आणि त्यांच्या अंगावर गेला. पांढऱ्या धोतराचा सोगा आधीच काळा झाला होता. ते उठले आणि सडकेच्या कडेला ताठ उभे राहिले. मला वाटलं सलाम करतील. केला नाही, तो त्यांचा वीस वर्षांत करून झाला होता. त्यांनी नुसती काळी करंगळी वर धरली, आमच्या दिशेनं, ड्रायव्हरला दाखवायचे तशी. राखाडी होती की चिकट, ते एवढ्या लांबून कळलं नाही.

माझी बायको काचेला नाक लावून बसली होती. मी तिला म्हणणार होतो, की गाडीत बसणारा समोर बघतो. पण मीही मागेच बघत होतो. मोताळा येईपर्यंत.